चड्डीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका



जासईच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाची बैठक होती. आम्ही तिथे रक्तदाब-साखर तपासणीच्या शिबिराचा विषय घेऊन गेलो होतो. मंडळाच्या मुलांनी मध्येच दुसरा विषय काढला. यंदा मिरवणुकीच्या आदल्या दिवशी शरीरसौष्ठव स्पर्धा घ्यायची, पाच वजनी गट ठेवायचे, आजूबाजूच्या गावांतली मुले बोलवायची. एक ज्येष्ठ उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, "बाबासाहेबांच्या फोटोसमोर पोरं चड्डीवर उभी करणार काय तुम्ही? आयाबहिणी बसतात तिथं!" बायकांच्या बाजूला हसू पिकले. मुले खाली बघू लागली. त्यांतला एक उठून बाहेरच गेला. तो मुलगा दास्तान फाट्याकडच्या एका यार्डात रात्रपाळी करतो आणि सकाळी घरी न जाता थेट व्यायामशाळेत जातो, हे आम्हांला ठाऊक होते. दोन वर्षे त्याने ज्या शरीरावर मेहनत घेतली, त्याची किंमत बैठकीने एका हशात केली.

त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. शिबिराचा विषय मंजूर करून घ्यायचा होता, म्हणून गप्प बसलो, हे कबूल करतो. नंतर मात्र वाटले की याविषयी लिहायलाच हवे, आणि ते आरोग्याच्या पानावरच लिहायला हवे. कारण स्पर्धेची ती बोटभर चड्डी, जिला मुले पोझिंग ट्रंक किंवा नुसते ट्रंक म्हणतात, ती निवडताना आमची मुले ज्या चुका करतात त्या शेवटी आमच्यासारख्या नर्सबाईंच्या समोर येतात. खाज, गळू, पेटके, चक्कर. पंधरा-सोळा वर्षे वॉर्डात काढली आणि आता वस्त्यांतून फिरतो. लाजेपायी लपवलेला आजार किती महाग पडतो हे आम्ही दोन्हीकडे पाहिले आहे.

आधी त्या उपासिकांच्या आक्षेपाबद्दल. त्यांचा राग आम्हांला समजतो. आपल्या माणसांनी काय नेसावे, किती नेसावे, हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले. अंगभर कपडा हा आपल्याकडे मानाचा प्रश्न होता. याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि अंगावरच्या जड दागिन्यांबद्दल मुद्दाम सांगितले होते. अस्पृश्यतेची खूण अंगावर वागवू नका, हा त्याचा अर्थ. तेव्हा ज्या आजीच्या आईने तो बदल अंगावर घेतला, त्या आजीला नातू भर मंचावर उघडा उभा राहिलेला बघवत नसेल तर तिला मागासलेली म्हणू नये.

पण लंगोटी आणि ट्रंक यांत फरक आहे. लंगोटी लादलेली होती. ट्रंक हा खेळाचा गणवेश आहे, जसा कुस्तीतला जांघ्या, जसा पोहणाऱ्याचा पोहण्याचा पोशाख. मुलगा तो स्वतः निवडतो, स्वतः घालतो आणि पंचांसमोर मान वर करून उभा राहतो. ज्या खेळात स्नायू हाच गुणांचा विषय आहे, तिथे स्नायू झाकून चालत नाही. डॉक्टरसमोर सदरा काढतो तेव्हा कुणी हसत नाही, तसेच हे.

एक गंमत सांगतो. आपल्या घराघरांत दोरीवर वाळत असलेली 'सँडो' बनियन ज्या माणसाच्या नावाने ओळखली जाते, तो युजीन सँडो हाच या खेळाचा एक जनक. १९०१ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल तिथे पंच होते. स्पर्धक त्या वेळी काळ्या तंग विजारीवर पट्टा आणि बिबट्याचे कातडे लावून उभे राहिले होते! पुढे १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. साताऱ्याकडच्या औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी आधी त्याच्याच पद्धतीने व्यायाम करीत, मग सूर्यनमस्काराकडे वळले. सांगायचे काय, तर कातड्यापासून लायक्रापर्यंत या खेळाचा पोशाख बदलत आला आहे. तो वरून पडलेला नाही. माणसांनी नियम करून ठरवला आहे, आणि नियम वाचता येतात.

आता नियमांकडे वळू. आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी नियम वाचलेलेच नसतात. मोबाईलवर परदेशी स्पर्धकांचे फोटो बघायचे आणि तसलीच चमकदार, चिंचोळी ट्रंक मागवायची, एवढीच निवड. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत हौशी पुरुष शरीरसौष्ठवासाठी ट्रंक एका रंगाची, स्वच्छ, सभ्य आणि आरपार न दिसणारी असावी लागते. मागचा भाग किमान तीन चतुर्थांश झाकला गेला पाहिजे. पुढचा भाग पूर्ण झाकलेला हवा. कमरेच्या बाजूची पट्टी अगदी दोरीसारखी चालत नाही, तिला एक-दीड सेंटिमीटर तरी रुंदी लागते. आत कापूस, फोम असे काही भरणे मना आहे. स्पर्धकाचा क्रमांक ट्रंकच्या डाव्या बाजूला लावतात, तेव्हा ती बाजू टाचणी किंवा बिल्ला धरेल इतकी भक्कम हवी. घड्याळ, साखळी, दोरे, पादत्राणे हे काही मंचावर चालत नाही. मेन्स फिजिक नावाचा जो गट अलीकडे लोकप्रिय झाला आहे, त्यात ट्रंक नसतेच. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी सैल बोर्ड शॉर्ट असते. क्लासिकच्या गटात काळी, बाजूला चांगली रुंद असलेली ट्रंक असते. आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुका स्पर्धांत संघटनेप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून प्रवेशिका भरतानाच आयोजकांना विचारावे. ट्रंक विकत घेऊन झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

म्हणजे ज्या उघडेपणाला आपण हसतो, त्याला खेळाने आधीच मर्यादा घातली आहे. तीन चतुर्थांश झाका, आरपार दिसू देऊ नका, भरतकाम करू नका. आमच्या मंडळाने एवढे छापून लावले असते तर त्या उपासिकांचा निम्मा आक्षेप तिथेच मिटला असता.

मुलांना आता थेट सांगतो.

ट्रंक फार आधी घेऊ नका. स्पर्धेच्या आधीच्या महिना-दीड महिन्यात तुमचे वजन उतरते, कंबर आणि पुठ्ठा दोन्ही बारीक होतात. जानेवारीत मापाची असलेली ट्रंक एप्रिलमध्ये मागे झोळी होऊन लोंबते. दोन-तीन आठवडे आधी घ्या. सकाळी, सरळ उभे राहून, पुठ्ठ्याच्या सर्वांत रुंद जागी टेप फिरवून माप घ्या. पॅन्टचा नंबर सांगू नका. पॅन्ट कमरेवर बसते, ट्रंक त्याखाली बसते. आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकदा घालून बघा.

घालून बघा म्हणजे आरशासमोर सरळ उभे राहून नव्हे. सातही सक्तीच्या पोझ त्यात करा. समोरून दोन्ही दंड, समोरून लॅट, बाजूने छाती, मागून दोन्ही दंड, मागून लॅट, बाजूने ट्रायसेप्स आणि शेवटी पोट-मांडी. मागून लॅट फुलवताना पाय मागे टेकवून पोटरी ताणता, तेव्हा ट्रंक वर चढते का ते घरातल्या भावाला किंवा मित्राला बघायला सांगा. मोबाईलवर चित्रण करा. मंचावर दर पोझनंतर हात मागे नेऊन कापड ओढणारा मुलगा पंचांना दिसतो आणि पहिल्या रांगेतल्या मावशीलाही दिसतो. मग हशा होतो. दोष तिथे मापाचा असतो, नाव खेळाचे बदनाम होते.

शरीराप्रमाणे कट निवडा. ज्याच्या मांड्या जाड आणि भरलेल्या आहेत त्याने पायाकडे थोडा वर कापलेला कट घ्यावा, म्हणजे मांडीचा वरचा भाग दिसतो आणि शिवण मांडीत रुतत नाही. ज्याचे धड आखूड आहे त्याने फार उंच कमरेची ट्रंक घेऊ नये, पोट आणखी आखूड दिसते. पुठ्ठा रुंद असेल तर बाजूची पट्टी फार रुंद नको. पण ही शोभेची गोष्ट झाली. घट्टपणाची गोष्ट शोभेपेक्षा मोठी आहे. इलॅस्टिक घट्ट असले की कातडीवर वळ उठतो, वरचे मांस फुगून दिसते आणि घासून जखम होते. स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून घट्ट चड्डी घालून फिरू नका, तिचे वळ मंचावर दिसतात. सैल ट्रॅक पॅन्ट किंवा लुंगी बरी.

आरपार दिसते का, याची परीक्षा सोपी आहे. ट्रंक ओली करा आणि मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. प्रकाशात बोटे मोजता आली तर ती मंचावर चालणार नाही, कारण मंचावर दिवे याहून तीव्र असतात आणि तुम्ही घामाने भिजलेले असता. रंग गडद घ्या. काळा, गडद निळा, मरून. अंगाला लावलेला टॅनचा रंग फिक्या कापडावर डाग सोडतो आणि त्या डागांकडे बघून लोक काय समजतात ते सांगायला नको. टॅन लावताना जुनी चड्डी घाला, नवी ट्रंक शेवटी. नवी ट्रंक आणल्यावर एकदा साध्या पाण्यात धुवा. स्वस्त कापडाचा रंग घामाबरोबर सुटतो आणि जांघेत पुरळ उठते. ट्रंक सरकू नये म्हणून काही जण आतून चिकटपट्टी किंवा डिंकासारखे काहीबाही लावतात. ते आधी हातावर लावून एक दिवस बघा. मंचावरून उतरल्यावर पट्टीबरोबर कातडी सोलून आलेला मुलगा आम्ही पाहिला आहे.

वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींनाही एक सांगणे. बाजारात ट्रंक चारशे-पाचशेपासून हजार-दीड हजारापर्यंत जाते आणि एवढ्याशा कापडाला एवढे पैसे म्हणून मुले घरी शिवून मागतात. जमते. पण कापड चारही बाजूंनी ताणणारे लायक्राच हवे. सुई गोल टोकाची घ्या, नाहीतर कापडाला भोके पडून ते उसवत जाते. शिलाई झिगझॅग घाला. सरळ शिलाई ताण बसला की तटकन तुटते, आणि ती तुटण्याची वेळ नेमकी लॅट फुलवण्याची असते. पुढच्या भागाला होजिअरीचे अस्तर द्या. पायाच्या इलॅस्टिकला फार ओढून शिवू नका. एका भगिनीने आम्हांला विचारले, "पोराचं माप घ्यायला लाज वाटते हो, काय करू?" आम्ही सांगितले, त्याची जुनी बसणारी चड्डी मागा आणि तिच्यावर कागद ठेवून कट काढा. लाजही राहिली आणि मापही मिळाले.

इथपर्यंत कापडाचे झाले. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

व्यायामशाळेत एक ट्रंक चार जणांत फिरते. गरिबी आहे, मैत्री आहे, "तुझी झाली की मला दे" अशी सवय आहे. आम्ही याला कडाडून विरोध करतो. जांघेतला नायटा, ज्याला काही जण गजकर्ण म्हणतात, तो अशाच ओल्या, घट्ट, दुसऱ्याच्या कपड्यातून पसरतो. गेली काही वर्षे आपल्या देशात हा नायटा फार चिवट झाला आहे. पूर्वी मलमाने जाणारा रोग आता महिनोन्‌महिने छळतो. त्यात खाडीकाठची आपली दमट हवा, यार्डात दहा-बारा तास घामाने भिजलेली पॅन्ट आणि घरी पाण्याची बोंब. ट्रंक गरम पाण्यात उकळून शुद्ध करू म्हणाल तर लायक्रा सैल पडते. साध्या पाण्यात खळबळून बुरशी मरत नाही. म्हणजे दुसऱ्याची ट्रंक सुरक्षित करण्याचा मार्गच नाही. तेव्हा ट्रंक एकाची एकच. मंडळाला मदत करायची असेल तर ढाल थोडी लहान घ्या आणि दोन गरजू मुलांना ट्रंक घेऊन द्या. ढाल कपाटावर जाते. नायटा मात्र घरभर होतो, कारण टॉवेल, चादर आणि बादली एकच असते. एकाला झाला की आईला, बहिणीला, धाकट्याला. उपचारही सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागतात.

आणि मुले काय करतात? मेडिकलमधून ट्यूब आणतात. तिच्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक, प्रतिजैविक असे सगळे कालवलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, मुलगा खूश होतो, आणि आत बुरशी पसरत राहते. वर जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पांढरट-लालसर चरे पडतात, गरोदर बाईच्या पोटावर पडतात तसे. मग हाच मुलगा जास्त झाकणारी ट्रंक शोधत फिरतो. अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे सरकारने २०१८ साली ठरवले आहे. तरी ती काउंटरवरून मिळतात. दुकानदाराला विचारले तर म्हणतो, गिऱ्हाईकच नाव घेऊन मागते. नाव घेऊन मागू नका. सरकारी दवाखान्यात त्वचेचा दिवस विचारून घ्या, डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध पूर्ण करा. खाज थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे.

केस काढण्याचेही तसेच. ट्रंकच्या कडेने केस दिसू नयेत म्हणून मुले स्पर्धेच्या सकाळी घाईने वस्तरा फिरवतात, तोही एकमेकांचा. ब्लेडला लागलेल्या रक्तातून कावीळ ब आणि क पसरू शकते. दोन दिवस आधी, स्वतःच्या नव्या ब्लेडने, केसांच्या दिशेने काढा. जांघेत केस काढायचे क्रीम आधी थोड्या जागेवर लावून बघितल्याशिवाय वापरू नका, भाजते.

एक मुलगा आमच्याकडे आला होता. नाव-गाव सांगत नाही. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मागून जरा जास्त झाकणारी ट्रंक कुठं मिळंल?" आम्हांला वाटले, घरच्यांच्या लाजेचा प्रश्न असेल. बस म्हटले तर तो एका कुल्ल्यावर तिरका बसला. वॉर्डात काम केलेल्या बाईला तेवढे पुरते. ताप होता. उजव्या पुठ्ठ्यावर लिंबाएवढी गाठ, लाल, गरम, हात लावू देईना. विचारता विचारता कळले. व्यायामशाळेतल्या 'सिनियर'ने तेलकट इंजेक्शने दिली होती. मुले त्याला 'डेका' म्हणतात, 'टेस्टो' म्हणतात. बाटली तिघांत एक. सुई "बदलली होती बहुतेक."

बहुतेक! आम्ही त्याला ओरडलो नाही. ओरडण्याने मुले पुढच्या वेळी दारात येत नाहीत. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेले. चीर देऊन पू काढावा लागला. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवतात, हे त्याला माहीतच नव्हते. पहिला निकाल चांगला आला. पण तेवढ्यावर भागत नाही. नुकताच झालेला संसर्ग पहिल्या तपासणीत दिसतोच असे नाही, म्हणून ठरलेल्या मुदतीने पुन्हा यावे लागते. ते महिने त्या मुलाने कसे काढले हे त्याच्या आईला आजही माहीत नाही. स्पर्धा अर्थातच बुडाली.

त्याने ट्रंकबद्दल विचारले म्हणून गळू सापडले. आम्ही बैठकीतल्यासारखे हसलो असतो तर तो तसाच परत गेला असता. कुल्ल्यातल्या सुईची जागा चुकली तर पायाची मोठी शीर दुखावते आणि पाय लुळा पडू शकतो. आम्हांला शिकताना हे महिनोन्‌महिने घोकवून घेतले होते, आणि व्यायामशाळेतला सिनियर ते चित्रफीत बघून शिकतो. ही औषधे बाहेरून घेतली की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते. अंडकोष आक्रसतात, मूल होण्यात अडचण येते, छाती बायकांसारखी वाढते, रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड होते. विशी-बाविशीतल्या मुलाला हे सांगितले की तो म्हणतो, "ताई, एकच सायकल मारतो, मग बंद." आम्ही 'एकच पेग'वाले पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेवटच्या दिवशी कातडी पातळ दिसावी, वजनाच्या गटात बसावे आणि लहान मापाची घेऊन ठेवलेली ट्रंक अंगाला लागावी म्हणून मुले पाणी तोडतात. इथवर थांबले तरी धोका आहेच. पण काही जण वर लघवीची गोळी घेतात. फ्युरोसेमाइडची ती गोळी आम्ही हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांना देत असू, तीही रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवून. धडधाकट मुलाने एप्रिलच्या उकाड्यात, दिवसभर तहानलेल्या अंगाने ती घेतली की क्षार झपाट्याने उतरतात. आधी पोटऱ्यांत पेटके येतात, मग हृदयाचा ताल बिघडतो. मोहम्मद बेनाझिझा हा या खेळातला मोठा व्यावसायिक खेळाडू. १९९२ साली नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर काही तासांतच तो मेला. त्याच्या दिमतीला जाणकार माणसे होती. आपल्या मुलाच्या दिमतीला मंचामागे ताडपत्रीचा आडोसा आणि एक टेबल फॅन असतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की ट्रंक अंगाच्या मापाची घ्यावी, अंग ट्रंकच्या मापाचे करू नये. एक गट वर खेळलात तर जग बुडत नाही. कोल्हापूरच्या सुहास खामकरांनी २०१० साली मिस्टर एशिया जिंकली त्यामागे वर्षांची मेहनत होती. एका रात्रीत तोडलेल्या पाण्याने तिथे पोहोचता येत नाही.

मुलींबद्दल दोन ओळी. आमच्या वस्त्यांतल्या मुलीही आता वजने उचलतात. एका मुलीच्या वडिलांनी आम्हांला विचारले की तिने फिजिकमध्ये उतरावे का, "पण ते कपडे..." मुलींच्या गटांतही पोशाखाचे नियम असतात, मागे नुसती दोरी असलेला पोशाख चालत नाही. उतरायचे की नाही हे त्या मुलीनेच ठरवावे. बापाने फक्त कपडे बदलायला बंद दाराची खोली आहे का आणि तिच्यासोबत बाई माणूस आहे का एवढे बघावे. आणि हो, मंचासमोरून कोणी मोबाईलवर नको त्या कोनातून चित्रण करत असेल तर त्याला उठवावे. हे मुलग्यांनाही लागू.

जयंतीच्या मंडळांकडे आमची मागणी आहे. स्पर्धा घ्या. पण पत्रकावरच पोशाखाचा नियम छापा. बोर्ड शॉर्टचा मेन्स फिजिक गटही ठेवा. ज्या मुलाला ट्रंकमध्ये उभे राहायचे नाही त्यालाही मान मिळू द्या. वजन घेताना आणि कपडे बदलताना खरा आडोसा द्या. मंचामागे पिण्याचे पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, क्षार-संजीवनीची पाकिटे आणि एक प्रशिक्षित माणूस ठेवा. आम्ही फुकट येऊ. स्पर्धा फोटोसमोरच घ्यायला हवी असे नाही; विहाराच्या बाजूच्या पटांगणात घ्या, त्या उपासिकांच्या भावनेला एवढी जागा देण्यात काही बिघडत नाही. आणि घरच्या मंडळींनो, दोरीवर वाळत घातलेल्या त्या इवल्याशा कापडावरून मुलाची टिंगल करू नका. ते दोरीवर, उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाळले पाहिजे. लाजेने गादीखाली कोंबलेल्या ओल्या ट्रंकमध्येच बुरशी धरते.

ज्यांनी गेल्या हंगामात बाहेरून इंजेक्शन घेतले असेल, मग ते एकच का असेना, त्यांनी तपासणीला जावे. तपासणीत कावीळ ब नाही असे दिसले तर लस घ्यावी. तिचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. एकटे जायला धीर होत नसेल तर शिबिराच्या दिवशी आमच्या टेबलापाशी यावे आणि 'ट्रंकबद्दल विचारायचं आहे' एवढेच म्हणावे. बाकीचे आम्ही समजून घेऊ.